आत्याचा प्रोग्राम उभा कुठे होता

निवृत्त व्हायच्या नऊ दिवस आधी माझ्या आत्याने मला संगणक शिकवला. मला! नोएडातल्या कंपनीत सात वर्षं सॉफ्टवेअर लिहून पगार घेणाऱ्या क्षिप्रा सोनटक्केला! तेव्हा मला राग आला होता. आता मात्र मी ज्याला त्याला पकडून ही गोष्ट सांगत सुटलेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावी. यातलं मराठी आत्याने तपासलंय. मी फरीदाबादला वाढलेली, माझ्या प्रत्येक वाक्यात एखादा हिंदी शब्द घुसतोच, आणि ती तो लाल पेनने कापते.

आत्याचं नाव विजयालक्ष्मी. मूळ गाव औसा, जिल्हा लातूर. चोविसाव्या वर्षी केंद्र सरकारची परीक्षा देऊन कारकून म्हणून दिल्लीत आली. लग्न का केलं नाहीस असं विचारलं तर "वेळ नाही मिळाला" म्हणते आणि विचारणाऱ्यालाच काहीतरी काम सांगते. तिच्या मागोमाग माझे बाबा इथे नोकरीला आले. ते निवृत्त होऊन आईसकट औशाला परत गेले, मी आत्याकडेच राहिले. आत्याची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज, आणि सकाळी आठ दहाची मेट्रो चुकली तर दिवसभर घरात आणि ऑफिसात कुणाची धडगत नाही.

एकतीस वर्षं ती एकाच खोलीत बसली. तळमजल्यावरची रेकॉर्ड रूम. एकोणतीस अलमाऱ्या, त्यात लाल कापडात बांधलेले बस्ते आणि प्रत्येक बस्त्यात वीस-पंचवीस फायली. खात्यात पूर्वी रोजंदारीवर काम केलेली माणसं, त्यांच्या विधवा, त्यांची मुलं तिथे यायची. अमुक साली माझा नवरा इथे कामाला होता, त्याचा कागद द्या, म्हणजे पेन्शन लागेल. आत्या नाव ऐकायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "अलमारी ग्यारह, बस्ता चार." यादी होती, पण ती तिच्या डोक्यात. कागदावरची जुनी नोंदवही वाळवीने कधीच खाल्ली होती.

त्या खोलीचा एक नियम आहे आणि तो आत्यानेच घालून दिलाय. बस्त्यातून एकटी फाइल कधी काढायची नाही. अख्खा बस्ता टेबलावर आणायचा, सोडायचा, बघायचं, बांधायचा, परत ठेवायचा. घरीसुद्धा तेच. माझी दहावीची मार्कशीट हवी असली की आमच्या पलंगावर माझ्या जन्मापासूनचे सगळे कागद पसरतात. चौदा जानेवारीला आमचं मराठी मंडळ बस करून पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातं, त्या बसमध्ये माणसं मोजायचं काम हिच्याकडे. बाकीचे डोकी मोजतात, ही सीटनुसार जाब विचारते. पुढच्या दोन सीट भरेपर्यंत मागच्यांना चहालाही उतरू देत नाही.

तर गेल्या सप्टेंबरात वरून फतवा निघाला. तळमजल्यावरची जागा हवी आहे, रेकॉर्ड नरेलाच्या पलीकडे भाड्याच्या गोदामात हलवा. तिथे एकदा बस्ते एकावर एक रचले की संपलं, कुणाला काही सापडणार नाही. आत्या तडक उपसचिवांच्या केबिनमध्ये गेली. ते म्हणाले, "सोनटक्के मैडम, आप तो जनवरी में जा रही हैं. आपके बाद यहाँ भी किसको क्या मिलेगा?"  मग तेच म्हणाले, की तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी तुमच्या खोलीत फाइल शोधून दाखवली, तर खोली राहील. समितीसमोर, बावीस जानेवारी, सकाळी अकरा.

त्यांना ठाऊक नव्हतं, की आत्या चार वर्षं रोज जेवणाच्या सुट्टीत एकेका बस्त्याची नोंद टाइप करत होती. आणि मला ठाऊक नव्हतं, की सरकारने पाठवलं म्हणून ती शहाण्णव साली सी या संगणकी भाषेचा वर्ग करून आली होती आणि त्याची वही तिने जपून ठेवली होती. बस्त्यातच, अर्थात! ती वही काढून तिने शोधाचा प्रोग्राम लिहिला. नाव टाइप करा, अलमारी आणि बस्ता सांगेल. अठरा हजार नावं. मी घरच्या लॅपटॉपवर तिला प्रोग्राम लिहायचा एडिटर लावून दिला, सेटिंग करून दिलं. एक बटण दाबलं की तिने लिहिलेल्या ओळींचा यंत्राला कळेल असा प्रोग्राम बांधला जातो, त्याला बिल्ड म्हणतात, आणि लगेच तो चालूही होतो. घरी तो धावत होता. आत्याचं डोकं मशीनमध्ये उतरलं होतं, आणि मी ऑफिसात सगळ्यांना तिचे फोटो दाखवत फिरत होते.

एकवीस तारखेला, बुधवारी दुपारी चारला फोन आला. मी मीटिंगमध्ये होते.

"क्षिप्रा, घरी चालतो, इथे चालत नाही."

"काय म्हणतोय?"

"सूची उघडता आली नाही म्हणतो. बिल्ड होतोय, एक चूक नाही. चालवला की हेच."

"मग सूचीची फाइल तिथे नसेल. नीट बघ."

 अगदी हळू आवाजात आत्या म्हणाली, "फाइल आहे की नाही ते मला नीट बघायला सांगतेस?"

मी जीभ चावली. प्रोग्राममध्ये ओळ साधी होती, डेटा फोल्डरमधली सूची उघड, एवढीच. आत्याला शोध नावाच्या फोल्डरमध्ये प्रोग्रामच्या शेजारी डेटा फोल्डर दिसत होतं, त्यात सूची दिसत होती. मग उघडत का नाही? अर्धं लक्ष मीटिंगमध्ये ठेवून मी सुचेल ते सांगितलं. "डेटा फोल्डरची एक कॉपी बाहेरच्या फोल्डरमध्ये टाकून बघ." तिने टाकली, आणि प्रोग्राम चालला! मी म्हटलं, चला, झालं.

"झालं काय? दोन सूच्या झाल्या. मीनाक्षी सोमवारी एकीत नोंद करील आणि मंगळवारी दुसरी उघडेल. मग खरी कुठली?" मीनाक्षीजी म्हणजे आत्याच्या जागी येणाऱ्या बाई, चाळिशीच्या, करोल बागच्या. आत्याने ती कॉपी माझ्यासमोर, म्हणजे फोनसमोर, पुसून टाकली.

मग मी दुसरा उपाय दिला. सूचीचा पूर्ण पत्ता लिहून टाक, झेड ड्राइव्हपासून सुरुवात करून. झेड म्हणजे ऑफिसच्या सगळ्या संगणकांना दिसणारी सामायिक जागा, आत्याने सगळं तिथेच ठेवलं होतं. तिने लिहिला, प्रोग्राम चालला. पण त्या रात्री आत्याने भाताला दोनदा मीठ घातलं.

गुरुवारी मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर निघाले. फरीदाबादच्या बाटा चौकात एवढं धुकं, की मेट्रो स्टेशनात शिरेपर्यंत गाडीचा फक्त दिवा दिसत होता. गेटवर माझा पास काढून साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरच्या समितीच्या खोलीत पोचलो. तिथल्या संगणकावर कुठल्याशा प्रशिक्षणाच्या वेळी बसवलेला तोच एडिटर होता. मीनाक्षीजींनी बटण दाबलं.

सूची उघडता आली नाही.

 बघते तर या संगणकावर तीच सामायिक जागा झेड नव्हतीच, वाय होती! मी खुर्ची ओढली. "थांब, झेडचं वाय करते, दोन सेकंद."

"आणि खाली गेल्यावर पुन्हा झेड? चौथ्या मजल्यावर आणखी काही असेल. मीनाक्षीने रोज अक्षर बदलायचं?"

"आत्या, दहा वाजून गेलेत! आजच्यापुरतं चालू दे ना यार!"

हे मी ओरडून बोलले, मीनाक्षीजींसमोर. मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा माझं लक्ष फक्त घड्याळाकडे होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत होती, नाव ऐकल्यावर बघते तशी.

"मला एक सांग. हा प्रोग्राम उभा कुठे असतो?"

"म्हणजे?"

"आमच्या शिपायाला, रामनिवासला, मी म्हणते, दूसरी अलमारी से बस्ता ले आओ. तो माझ्या खोलीत उभा असेल तर माझ्या दुसऱ्या अलमारीतून आणेल. कॉरिडॉरमध्ये उभा असेल तर कॉरिडॉरमधली दुसरी अलमारी उघडेल, त्यात झाडू असतात. त्याची काय चूक? आधी आपण म्हटलं होतं, डेटा फोल्डरमधली सूची. पण हा कुठे उभं राहून डेटा फोल्डर शोधतोय?"

वर्किंग डिरेक्टरी. प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये उभा राहून काम करतो ते फोल्डर. हे मला माहीत नव्हतं असं नाही! पण ते सेटिंग मीच करून दिलं होतं, त्यामुळे तिथे चूक असणं शक्यच नव्हतं. तसं मी म्हणालेही. "तो शोध फोल्डरमध्येच उभा आहे. मी सेट केलंय."

"तू सेट केलंस. त्याला विचारलंस का?"

नाही विचारलं. चिडून चिडून मी एक ओळ घातली, की सुरू झाल्यावर आधी तू कुठे उभा आहेस ते छाप. बटण दाबलं. पडद्यावर पत्ता आला आणि तो 'बस्ता-पाच' या नावाशी, म्हणजे आत्याच्या सगळ्या कागदांच्या बाहेरच्या फोल्डरशी संपला. त्याच्या आतलं 'शोध' नव्हतंच!

"आत्या! हा एक खोली बाहेर उभा आहे!"

"कॉरिडॉरमध्ये!" आत्या खुर्चीतून उठली. "मी म्हटलं नव्हतं? झाडूच्या अलमारीत शोधतोय मेला!"

आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो, की चहा घेऊन आलेले रामनिवासजी दारातच थांबले.  पण प्रोग्राम बाहेर का? घरी तर बरोबर उभा असायचा. मग माझी नजर एडिटरच्या डाव्या यादीवर गेली. शोध फोल्डर होतं, पण त्याच्या वरखाली अलमाऱ्यांचे फोटो, जुन्या याद्या, रजेचे अर्ज, एवढंच काय, पानिपतच्या बसची सीटनुसार यादी!

"आत्या, एडिटरमध्ये तू काय उघडलंस?"

"बस्ता."

"अख्खा?"

"मग काय एकटी फाइल काढू टेबलावर?"

मी कपाळावर हात मारला, आणि मग हसूच यायला लागलं. घरी मी फक्त शोध फोल्डर उघडून दिलं होतं. एडिटरला तुम्ही जे फोल्डर उघडून द्याल ते तो आपलं घर मानतो. सेटिंग तिथलंच वाचतो, प्रोग्रामलाही तिथेच उभा करतो. माझं सेटिंग आतल्या फोल्डरमध्ये होतं, ते त्याने वाचलंच नाही. बिल्ड होत होता, कारण बिल्ड करताना समोर उघडलेल्या पानाचा पूर्ण पत्ता दिला जातो. चालताना मात्र बिचारा कॉरिडॉरमध्ये. आणि काल बाहेर टाकलेली कॉपी का चालली तेही आता कळलं, ती कॉरिडॉरमध्ये त्याच्या शेजारीच पडली होती. सगळं लख्ख! नोकरीत मला असा आनंद शेवटचा कधी झाला होता आठवत नाही.

दहा अडतीस झाले होते. उपाय अगदी सोपा होता. मी वळून म्हटलं, "मीनाक्षीजी, आप बस अंदर वाला फोल्डर खोलिए, पूरा बस्ता मत खोलिए."

त्या गोंधळल्या. "पर मैडम ने तो पहले दिन ही सिखाया था. पूरा बस्ता खोलो, अकेली फाइल कभी नहीं."

मी आत्याकडे बघितलं. ती मान हलवत होती.

"नाही क्षिप्रा. ती बरोबर करतेय. तिच्यानंतर येणाराही असंच करील, कारण खोलीत हेच शिकवतात. सेटिंग इथे ठेवलं, तिथे ठेवलं, उद्या कुणी दुसरंच काही उघडलं की पुन्हा तेच. याला कुठेही उभा करू दे, आपलं घर सापडलं पाहिजे. त्याला स्वतःचं घर माहीत असतं का?"

असतं! प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हातात पहिलीच गोष्ट पडते ती त्याचा स्वतःचा पत्ता. मी हातवारे करत सांगत सुटले. त्या पत्त्यातलं शेवटचं नाव काढून टाकायचं, म्हणजे उरतं घर. त्या घराला जोडून म्हणायचं, डेटा फोल्डरमधली सूची. झेड नको, वाय नको, कॉरिडॉर नको!

"मी टाइप करते, सरक," मी म्हटलं.

"माझा प्रोग्राम आहे," आत्या म्हणाली आणि चष्मा पुसायला घेतला.

अकरा ओळी. दोन बोटांनी. मी सांगत होते, ती टाइप करत होती, आणि प्रत्येक ओळीला "म्हणजे काय ते सांग" म्हणून थांबत होती. शहाण्णव सालच्या वर्गात तिला सगळ्यांनी वैताग दिला होता की तिने सगळ्यांना, हे मला त्या दिवशी कळलं. दहा बावन्नला पहिला बिल्ड. चूक! एक अर्धविराम राहिला होता. तो तिनेच शोधला, माझ्या आधी. दहा चोपन्नला दुसरा बिल्ड, आणि पडद्यावर विचारणा आली: नाव टाइप करा. अख्खा बस्ता उघडून चालला. नुसतं शोध उघडूनही चालला. मीनाक्षीजी चप्पल हातात घेऊन जिन्याने खाली रेकॉर्ड रूममध्ये पळाल्या, तिथल्या झेडवर बघायला. फोन आला तेव्हा त्यांना धाप लागली होती. "चल गया मैडम! यहाँ भी चल गया!"

समिती पाच मिनिटं उशिरा आली, देवाची कृपा. तोवर मीनाक्षीजी वर येऊन टेबलाशी बसल्या होत्या. उपसचिवांनी खिशातून चिठ्ठी काढली, रामरती, पती बलबीर, साल सत्त्याऐंशी. आत्याला उत्तर माहीत होतं हे तिच्या ओठांवरून दिसत होतं, म्हणून मी टेबलाखाली तिचा हात घट्ट धरून ठेवला. मीनाक्षीजींनी अख्खा बस्ता उघडला, बटण दाबलं, नाव टाइप केलं. अलमारी बावीस, बस्ता सहा. रामनिवासजी गेले आणि सहा मिनिटांत लाल कापड टेबलावर आलं. वरून सातवी फाइल. बलबीर, पत्नी रामरती.

उपसचिवांनी फाइल उघडून पाहिली, मिटली आणि शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "बिल्कुल ठीक. गोदाम वाला प्रस्ताव रहने दीजिए." मी टाळ्या वाजवल्या. माझ्याशिवाय कुणीच वाजवल्या नाहीत, मग रामनिवासजींनी वाजवल्या, मग मीनाक्षीजींनी. आत्या मात्र बस्ता बांधत होती. 

पुढच्या शुक्रवारी तिचा शेवटचा दिवस. चारला वर निरोपाचा कार्यक्रम होता, मी तिला घ्यायला गेले तर ती खाली रेकॉर्ड रूमच्या दाराशी उभी. किल्ल्या देऊन झाल्या होत्या. हातात पिशवी, पायात ते पांढरे शूज, आणि आत जायचं की नाही हे ठरत नव्हतं. आत टेबलाशी एक म्हातारी आली होती, पलवलकडची असावी, ओढणीत गुंडाळलेले कागद घेऊन. तिचा नवरा खात्यात ड्रायव्हर होता. तिने नाव सांगितलं, आणि माझ्या कानाशी आत्या पुटपुटली, "एकोणीस, तीन."

मीनाक्षीजींनी नाव टाइप केलं. मान वर करून आत्याला काही विचारलं नाही, दाराकडे बघितलंसुद्धा नाही. "रामनिवासजी, अलमारी उन्नीस, बस्ता तीन." बस्ता आला, सुटला, फाइल निघाली. म्हातारीने मीनाक्षीजींच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मला वाईट वाटलं, खूप वाईट. एकतीस वर्षं तो हात माझ्या आत्याच्या डोक्यावर यायचा.

म्हातारी कागद छातीशी धरून बाहेर आली. दाराशी पिशवी घेऊन उभी असलेली बाई बघून थांबली, आणि आत्याच्या दंडाला हात लावून म्हणाली, "तू भी किसी का ढूँढने आई है, बहन? डर मत, अंदर पूछ ले. मिल जाएगा."

आत्याने माझं मनगट असं काही पकडलं, की बांगडी रुतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, तोंडावर पदर धरून, लहान मुलीसारखी.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "ऐकलंस क्षिप्रा? अंदर पूछ ले म्हणाली! मिल जाएगा म्हणाली!"